धोरणाधारित मार्गनिवड (घरगुती इंटरनेट)

घरातील ठरावीक उपकरणांची इंटरनेट वाहतूक निवडलेल्या जोडणीतून नेण्याची पद्धत. एरवी राउटर पॅकेटला कुठे जायचे आहे एवढेच पाहतो. इथे ते कोणत्या उपकरणाकडून आले, हेही पाहतो. लिनक्समध्ये ही सोय 1999 च्या 2.2 आवृत्तीपासून आहे.

जळगाव-धुळ्यातल्या घरी फायबरच्या जोडीला सिमकार्डाचा राउटर असेल, तर कामाचा लॅपटॉप फायबरवर आणि दारावरचा कॅमेरा सिमवर ठेवता येतो. आधी उपकरणाला 192.168.1.20 सारखा कायमचा पत्ता द्यायचा, मग त्या पत्त्यासाठी नियम लिहायचा. ओपनडब्ल्यूआरटी प्रणालीत एमवॅन3 हे पॅकेज त्यासाठीच आहे.

रस्ता खोदताना केबल तुटली, की खरी कसोटी लागते. पर्यायी जोडणी नियमात नमूद नसेल, तर लॅपटॉप ऑफलाइनच राहू शकतो. डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याची, विचारणा मात्र बहुधा राउटर स्वतः करतो, त्यामुळे ती दुसऱ्याच जोडणीने जाऊ शकते. ती वेगळी तपासावी.