दार नसताना जिंकलेली स्पर्धा

गेले काही भाग आपण सरस्वती महालातल्या मोडी कागदांमध्ये रमलो होतो. आज एकदम फुटबॉल. त्याला कारण एका श्रोत्यानं विचारलेला प्रश्न: 'भारत फुटबॉलच्या विश्वचषकात कधी खेळलाय का हो?'

उत्तर 'हो' असं आहे. 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात आपण खेळलो. पण तिथे आपण पात्रता फेरी जिंकून पोचलो नव्हतो. स्पर्धा आपल्याकडे होती आणि यजमानाला जागा आपोआप मिळते. म्हणून हे 'हो' जरा दबक्या आवाजात म्हणावं लागतं. आणि गंमत अशी, की आपल्या मुलांनी आशियात सर्वांत मोठं यश मिळवलं तेव्हा त्यांना पुढे जायला विश्वचषकच नव्हता.

ही गोष्ट 1974 ची. बँकॉकला आशियाई युवा स्पर्धा भरली होती. ही स्पर्धा 1959 पासून चालू होती. भारताचा कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली, प्रशिक्षक अरुण घोष. अंतिम सामना इराणशी. त्या काळचा इराण म्हणजे आशियातलं सर्वांत जड नाव. सामना 2-2 असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवण्यात आलं. आजच्यासारखं पेनल्टींवर निकाल लावायचं ठरलं असतं तर कोण जिंकलं असतं, यावर मी वेळ घालवत नाही. आपण आशियाचे विजेते होतो, एवढं पुरे.

पुढे काय? काहीच नाही. त्या वयोगटाचा जागतिक चषक फिफानं सुरू केला 1977 मध्ये, ट्युनिशियात. म्हणजे तीन वर्षांनी. त्यानंतर याच आशियाई स्पर्धेतून विश्वचषकाची तिकिटं मिळू लागली. इराण 1977 ला ट्युनिशियात खेळला. आपण नाही. दार बसलं तेव्हा आपण उंबऱ्यापासून लांब गेलो होतो, आणि वीस वर्षांखालच्या गटात आजपर्यंत त्या दारातून आत शिरलेलो नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेहरानच्या एशियाडमध्ये आपला मोठा संघ चीनकडून 1-7 असा हरला. मुलं आशियात पहिली आणि मोठी माणसं अशी, एकाच वर्षात. माझ्या मते आपल्या फुटबॉलचा सगळा प्रश्न या दोन निकालांच्या मधल्या जागेत आहे. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला आपण तयार करतो आणि मग तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला खेळायला पुरेसे सामने देत नाही.

आता ही पात्रता चालते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण बातम्यांत त्यावर फारसं कुणी लिहीत नाही. आधी गट पाडतात. गटातले सगळे सामने एकाच देशात, आठ-दहा दिवसांत उरकतात. गटात पहिला येणारा संघ आशियाई स्पर्धेत जातो, कधी दुसऱ्या क्रमांकाच्या चांगल्या संघांनाही जागा असते. मुख्य स्पर्धेत सोळा संघ. वर्षानुवर्षं नियम असा होता, की तिथे उपांत्य फेरी गाठणारे चार संघ विश्वचषकाला जाणार. म्हणजे दोन चाळण्या. आणि मुलांच्या संघात एक वेगळी अडचण असते. मोठ्यांच्या संघात आज चुकलेला खेळाडू चार वर्षांनी पुन्हा प्रयत्न करू शकतो. सोळा वर्षांच्या मुलाला दुसरी पाळी नसते. तो वयातून बाहेर पडतो आणि पुढच्या खेपेला सगळी नवी पोरं. संघाचं नाव तेच, पण चुकीतून शिकलेला एकही पाय मैदानात नसतो.

सोळा वर्षांखालच्या गटात आपण दोनदा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलो. 2002 ला अबू धाबीत आणि 2018 ला मलेशियात. दोन्ही वेळा वाट अडवली दक्षिण कोरियानं.

मलेशियाची कथा जरा सावकाश सांगण्यासारखी आहे. प्रशिक्षक होता गोव्याचा बिबियानो फर्नांडिस, कर्णधार विक्रम प्रताप सिंग. पहिल्या सामन्यात व्हिएतनामला 1-0 असं हरवलं, तेही शेवटच्या काही मिनिटांत मिळालेल्या पेनल्टीवर. मग इराणशी 0-0. त्या सामन्यात गोलकीपर नीरज कुमारनं इराणची पेनल्टी अडवली. मग यजमानांच्या शेजाऱ्यांशी, म्हणजे इंडोनेशियाशी, पुन्हा 0-0. तीन सामने आणि एकही गोल खाल्ला नाही. तीन सामन्यांत गोलही एकच केला, हेही सांगायला हवं. 1 ऑक्टोबरला कोरियाशी गाठ पडली. जिंकलो असतो तर थेट विश्वचषक, यजमानपणाच्या कुबड्यांशिवाय. उत्तरार्धात कोरियाचा एक गोल झाला आणि 0-1 वर सगळं संपलं.

त्याआधी दोन वर्षं, 2016 मध्ये, हीच आशियाई स्पर्धा गोव्यात झाली होती. घरचं मैदान असून आपण अमिरातीकडून 2-3 आणि इराणकडून 0-3 हरलो, सौदीशी 3-3 केली आणि गटातच थांबलो. तीच पिढी पुढच्या वर्षी विश्वचषकात उतरणार होती.

2017 च्या विश्वचषकाचे सामने सहा शहरांत होते: दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी, कोलकाता. तमिळनाडूत एकही नाही. आम्हा तंजावूरकरांना जवळचं म्हणजे कोची. तिथे 7 ऑक्टोबरला ब्राझील आणि स्पेन भिडले, ब्राझील 2-1 नं जिंकलं. भारताचे तिन्ही सामने मात्र दिल्लीत, ते मी टीव्हीवरच पाहिले. अमेरिकेकडून 0-3. घानाकडून 0-4. मधला सामना कोलंबियाशी, 9 ऑक्टोबरला, तो मला सर्वांत जास्त लक्षात आहे. 0-1 अशी पिछाडी. 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर मारला आणि मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं डोक्यानं चेंडू आत घातला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं पुन्हा गोल केला. पोरं अजून आनंदात होती, जागेवर परतली नव्हती. सराव मैदानात होतो, पण गोल केल्यानंतरच्या साठ सेकंदांत काय करायचं हे मोठ्या सामन्यांतूनच कळतं. ते सामने पात्रता फेरीत मिळतात. आपल्याला ती फेरी माफ झाली होती.

त्या एकवीस जणांत आठ मणिपूरचे होते. मराठी वाचकांसाठी दोन नावं: कोल्हापूरचा अनिकेत जाधव आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे. अनिकेतबद्दल थोडं थांबून बोलतो. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळांची नावं पेठांच्या अभिमानासारखी घेतली जातात आणि शाहू स्टेडियम खचाखच भरतं. इथे तंजावूरला मी हे सांगतो तेव्हा लोकांचा विश्वास बसत नाही. भोसल्यांच्या एका गादीच्या गावात फुटबॉल हे वेड आहे आणि दुसऱ्या गादीच्या गावात क्रिकेटपुढे कुणाला वेळ नाही! पण एवढ्या वेडाच्या गावातून विश्वचषकाच्या संघात एकच मुलगा गेला, आणि तोही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या वाटेनं. पेठेची ईर्ष्या प्रेक्षक तयार करते. सोळा वर्षांच्या मुलाला रोज शिकवायला वेगळी व्यवस्था लागते.

प्रेक्षकांचं म्हणाल तर 2017 ला 13 लाख 47 हजारांवर लोकांनी सामने मैदानात बसून पाहिले. या वयोगटाच्या विश्वचषकातला तो विक्रम ठरला. पात्रता फेरीचे सामने बघायला मात्र कुणी नसतं. सप्टेंबर 2019 मध्ये ताश्कंदला आपल्या मुलांनी तुर्कमेनिस्तानला 5-0, बहारीनला 5-0 हरवलं, उझबेकिस्तानला त्यांच्याच घरी 1-1 वर रोखलं. माझ्या हिशोबात ही आपल्या मुलांच्या संघाची अलीकडची सर्वांत भक्कम मोहीम. पण कोविड आला, मुख्य स्पर्धा रद्द झाली. ती पोरं वयातून बाहेर गेली. त्यांना कुणी हरवलं नाही, एवढंच.

मुलींचं थोडक्यात. 2022 ला सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषकही यजमान म्हणूनच, आणि पहिल्याच सामन्यात अमेरिकेकडून 0-8. पण ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांखालच्या मुलींनी यांगूनला म्यानमारचा त्यांच्या घरी 1-0 असा पराभव करून दोन दशकांनी आशियाई स्पर्धा गाठली. ही जागा खेळून मिळवलेली आहे.

आता नियम बदललेत. सतरा वर्षांखालचा विश्वचषक 2025 पासून दरवर्षी कतारमध्ये होतो आणि त्यात 48 संघ असतात. आशियाच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या आठही संघांना तिकीट मिळतं. 2018 ची नीरज कुमारची मुलं आजच्या नियमानं कोरियाशी खेळण्याआधीच विश्वचषकात पोचली असती.

आणि 30 नोव्हेंबर 2025. अहमदाबाद. पात्रता फेरीचा शेवटचा सामना, समोर पुन्हा इराण. लेबनॉनकडून 0-2 हरल्यामुळे इराणला हरवणं भागच होतं. प्रशिक्षक पुन्हा बिबियानो फर्नांडिस. इराणनं आधी गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर गांगतेनं पेनल्टीवर बरोबरी साधली आणि उत्तरार्धात गुनलेबानं दुसरा गोल मारला. 2-1. ज्या इराणबरोबर 1974 ला चषक वाटून घेतला होता, त्यालाच मागे टाकून ही पोरं सौदी अरेबियातल्या आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरली.