विंचूदंश, तंत्रिकारोध व परतणारी वेदना

तंत्रिकेभोवती स्थानीय संवेदनाहारक औषध टोचून तिच्यातील आवेगांचे वहन काही काळ थांबविणे म्हणजे तंत्रिकारोध होय. औषधाचा प्रभाव ओसरला की वेदना परत येते आणि पुष्कळदा ती अपेक्षेहून तीव्र असते. शस्त्रक्रियेच्या संदर्भात ह्या वेदनेचा स्वतंत्र अभ्यास अलीकडचा असला, तरी तिचा अनुभव महाड-पोलादपूर भागात विंचूदंशाच्या निमित्ताने फार पूर्वीपासून आहे.

व्हिएन्ना येथे कार्ल कोलर ह्यांनी १८८४ मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरले. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड ह्यांनी ते तंत्रिकेजवळ टोचण्यास प्रारंभ केला. नील्स लोफग्रेन ह्यांनी स्वीडनमध्ये १९४३ साली तयार केलेले लिग्नोकेन पुढे ग्रामीण दवाखान्यांपर्यंत पोहोचले.

महाडहून वरंधा घाटाने भोरकडे जाताना लागणाऱ्या वरंधसारख्या गावांत, तसेच एकूण कोकणात, लाल विंचू आढळतो. जळणाची लाकडे, गवताचे भारे, घराची कौले ह्यांत तो दडतो व दंश बहुधा हाताच्या वा पायाच्या बोटांना होतो. त्याच्या विषामुळे तंत्रिकेतील सोडियम आयनांचे मार्ग वेळेवर मिटत नाहीत. लिग्नोकेन नेमके तेच मार्ग अडविते. म्हणून बोटाच्या मुळाशी लिग्नोकेन टोचताच असह्य कळ थांबते. परंतु हा परिणाम तास-दोन तासांचाच असतो, विष मात्र जागेवरच राहते. विंचू ‘उतरला’ असे वाटत असतानाच तो पुन्हा ‘चढतो’. त्यामुळे औषध पुन्हा टोचावे लागे किंवा तोंडाने वेदनाहारक औषधे द्यावी लागत.

ह्याहून गंभीर बाब निराळी होती. रोग्याचा जीव वेदनेमुळे जात नसे. विषामुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र अतिशय उद्दीपित होऊन हृदयावर ताण येई व फुप्फुसशोफाने, विशेषतः लहान मुलांना, मृत्यू येई. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा ह्या अवस्थेवर खात्रीचा उपाय नव्हता. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय ह्या पूर्वलक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये द लॅन्सेट ह्या नियतकालिकात आला. रक्तदाबावरील प्राझोसिन ह्या औषधाच्या उपयोगाविषयीचा लेख त्यांनी १९८६ मध्ये तेथेच प्रसिद्ध केला. प्राझोसिन हे वेदनाहारक नव्हे. तरीही त्याच्या वापरानंतर गंभीर रोग्यांतील सुमारे ३० टक्के मृत्युप्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. पुढे महाड येथे ७० रोग्यांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रोगी दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्यांत ही संख्या ३५ पैकी ८ होती.

वेदनेचा अर्थ लावण्यातही ह्या अनुभवाने फरक पडला. तीव्र स्थानिक वेदना असलेला दंश बहुधा सौम्य ठरतो, तर गंभीर रोग्यास दंशाच्या जागी फारसे दुखत नाही. दुखत नाही म्हणून विंचू उतरला असे समजून घरच्यांनी रोग्यास घरीच ठेवणे हे घातक ठरे. अशा रोग्याच्या दंशस्थानी मुंग्या व वेदना पुन्हा जाणवू लागणे हे उलट तो सुधारत असल्याचे चिन्ह मानले जाते.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेला असा दिलासादायक अर्थ नाही. ब्युपिव्हाकेनासारख्या दीर्घकालिक औषधाचा रोध बारा तास वा अधिक टिकतो. सकाळी मनगटाच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झालेला रोगी संध्याकाळी घरी जातो आणि मध्यरात्री कळांनी जागा होतो. त्या वेळी घाटातल्या वाडीवर डॉक्टर कोठून मिळणार? म्हणून रोध उतरण्यापूर्वीच, बधिरपणा असतानाच, पॅरासिटामॉल व, रोग्यास चालत असल्यास, शोथरोधक वेदनाहारके नियमित वेळांनी सुरू करतात. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेवाटे दिलेल्या डेक्सामेथासोनानेही ही वेदना कमी होते. मोठ्या शस्त्रक्रियेत तंत्रिकेजवळ बारीक नळी ठेवून औषध दोन-तीन दिवस संथपणे सोडता येते; मात्र त्यासाठी देखरेख लागते. रोग्यास बधिरपणा केव्हा जाईल व पहिली गोळी केव्हा घ्यावयाची, हे घरी पाठविण्यापूर्वी त्याच्या भाषेत सांगणे हा ह्या उपचाराचाच भाग होय.