तेल समुद्रात, धक्का कुणाच्या जमिनीवर?

आमच्या अर्धापुरात जमीन दुसऱ्याला कसायला द्यायच्या दोन रीती आहेत. बटईनं दिली तर पिकात वाटा मिळतो, ठोक्यानं दिली तर वर्षाची ठरलेली रक्कम. सातबारा मात्र दोन्हींत मालकाच्याच नावावर राहतो. न्हावा-शेवा बंदराचा इतिहास वाचताना ही साधी गोष्ट मला सारखी आठवत होती. त्या बंदराकडे मी वळलो ते केळीमुळं. आमच्या भागातली केळी रीफर कंटेनरमधून परदेशी जातात, ती तिथूनच.

पण त्या किनाऱ्यावर कंटेनरच्या आधी तेल पोचलं. १९७३च्या अखेरीस जगात तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. बहुतेक तेल बाहेरून आणणाऱ्या भारताचं कंबरडं मोडायची वेळ आली. अशात १९ फेब्रुवारी १९७४ रोजी ‘सागर सम्राट’ या खोदाई-तराफ्याला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात तेल लागलं. २१ मे १९७६ला उत्पादन सुरू झालं. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते आमच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण.

विहीर समुद्रात असली तरी ती चालते जमिनीच्या आधारानं. पोलादी पाइप, सिमेंट, डिझेल, पिण्याचं पाणी, अगदी कांदे-बटाटेसुद्धा बोटीनंच न्यावे लागतात. त्यासाठी धक्का, गोदामं आणि मोकळं आवार लागतं. पुढं ओएनजीसीचा पुरवठा तळ न्हाव्याला उभा राहिला. समुद्रातली तेलवाहिनी १९७८मध्ये उरणला येऊन पोचली. शेजारचं न्हावा-शेवा बंदर १९८९मध्ये सुरू झालं.

ही जागा ओसाड नव्हती. तिथं भातखाचरं होती, मिठागरं होती, कोळ्यांची जाळी होती. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी घ्यायचं १९७०मध्येच ठरलं होतं आणि काम सिडकोकडे दिलं होतं. देशाला तेल हवं, मुंबईची जुनी गोदी अपुरी पडतेय, हा सरकारी युक्तिवाद पोकळ नव्हता. गावकऱ्यांचा प्रश्न वेगळा होता: आमच्या जमिनीची किंमत वाढणार, मग त्या वाढीत आमचा वाटा किती? जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

आता गंमत बघा. सिडकोनं भूखंड दिले ते ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. न्हावा-शेवा बंदरानंही १९९७मध्ये एक टर्मिनल खासगी कंपनीला दिलं ते ३० वर्षांच्या करारानं. म्हणजे शेतकऱ्याकडून जमीन घेतली कायमची, पुढं दिली मात्र मुदतीनं. मालकी न सोडता उत्पन्न घेण्याची रीत सरकारी संस्थांना चांगली ठाऊक होती. ती फक्त मूळ मालकाच्या वाट्याला आली नाही. साडेबारा टक्के हा त्यातल्या त्यात बटईच्या जवळ जाणारा तुकडा, आणि त्यासाठीही पाच जीव द्यावे लागले.

सध्या आमच्याकडे शक्तिपीठ महामार्गाची चर्चा चालू आहे. पारावर प्रत्येक जण विचारतो, ‘एकरी भाव किती देणार?’ मला उरण आठवतं आणि मी विचारतो, ‘भावाचं नंतर बघू. ठोक्यानं मागतायत का खरेदीनं?’