बाटली आणि वजनकाटा

काचेची बाटली परत द्यावी लागत असे. आजच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे, दुकानदाराने बर्फाच्या पेटीतून बाटली काढून झाकण उडवायचे, नळी घालून संपवायची आणि रिकामी बाटली क्रेटमध्ये ठेवून निघायचे. घरी न्यायची तर डिपॉझिट. त्यामुळे घरी कोणी नेत नसे, आणि पायरीवर उभे राहून दुसरी बाटली मागायला खिसा आणि धीर दोन्ही लागत. किती प्यायचे हे आपण ठरवत नव्हतो, बाटली ठरवत होती.

या बाटलीच्या मागे मी लागलो ते वेगळ्या कारणाने. किशोरवयीन मुलांच्या अंगावरची चरबी आणि गोड पेये यांचा संबंध सांगणारे शोधनिबंध वाचत असताना एक शब्द सतत आडवा येई : ‘सर्व्हिंग’. रोज एक सर्व्हिंग, रोज दोन सर्व्हिंग. एक सर्व्हिंग म्हणजे किती? याचे उत्तर दर पिढीला वेगळे निघते.

कोका-कोलाची कमरेत बारीक असलेली प्रसिद्ध बाटली १९१६ मध्ये बाजारात आली. तिच्यात साडेसहा औंस, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर पेय मावे. किंमत पाच सेंट, आणि ती अनेक दशके हलली नाही. पुढे आलेली विक्रीयंत्रेही पाच सेंटचे एकच नाणे घेणारी होती, त्यामुळे किंमत वाढवणे कंपनीला आणखीच अवघड झाले. १९३४ मध्ये मंदीने खंगलेल्या अमेरिकेत पेप्सीने त्याच पाच सेंटला बारा औंसांची बाटली दिली. सुरुवातीला बिअरच्या वापरलेल्या बाटल्याच भरल्या जात. या व्यवहारातली मेख अशी की पेयात पाणी आणि साखर हेच मुख्य. माप दुप्पट केले तरी कंपनीचा खर्च दुप्पट होत नाही, गिऱ्हाइकाला मात्र दुप्पट मिळाल्यासारखे वाटते. कोका-कोलाने बरीच वर्षे दम धरला आणि १९५५ मध्ये तीही मोठ्या बाटल्यांकडे वळली. मग प्लास्टिक आले. पेटच्या बाटलीचे पेटंट १९७३ मध्ये नथॅनिएल वायेथ या अभियंत्याला मिळाले. (चित्रकार अँड्र्यू वायेथ यांचे हे थोरले भाऊ. एका भावाची चित्रे संग्रहालयात गेली, दुसऱ्याचे काम गटारात तुंबले, असे कोणी म्हटले तर अन्याय होईल, पण अगदीच खोटे होणार नाही.) बाटली हलकी झाली, फुटेनाशी झाली, मुख्य म्हणजे परत द्यावी लागेनाशी झाली. दोन लिटरची बाटली घरच्या फ्रिजमध्ये जाऊन बसली.

आकडे एकदाच मांडतो. साध्या कोलात दर १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. जुन्या साडेसहा औंसांत साधारण २० ग्रॅम. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३२ ग्रॅम. ६०० मिलिलिटरच्या बाटलीत ६४ ग्रॅम, म्हणजे तेरा-चौदा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली आणि रसांतली मोकळी साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत असेल तर उत्तम.

आपल्याकडे ही कथा थोडी उशिरा, पण घाईने घडली. कोका-कोला १९५० मध्ये भारतात आली आणि १९७७ मध्ये गेली. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते, आणि परकीय चलनाच्या कायद्याखाली भारतीय भागीदारी वाढवण्यापेक्षा कंपनीने जाणे पसंत केले. त्या पोकळीत सरकारी ‘डबल सेव्हन’ आले आणि विरले, कॅम्पा कोला टिकले आणि पार्लेचे थम्स अप फोफावले. १९९० मध्ये पेप्सी ‘लेहर’ हे नाव पुढे लावून आली, तेव्हा थम्स अपने बाटली २५० वरून ३०० मिलिलिटरवर नेली. ‘महाकोला’ म्हणत तिला. १९३४ चा अमेरिकी डाव छप्पन्न वर्षांनी आपल्या टपरीवर खेळला गेला. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि त्याच वर्षी पार्लेची पेये तिच्या पदरात पडली. २००३ च्या सुमारास उलटी चाल झाली : २०० मिलिलिटर, पाच रुपये, आमिर खान. हे माप लहान केले ते मुलांच्या तब्येतीसाठी नव्हे, तर शहराबाहेरच्या खिशात बसावे म्हणून. पुढे प्लास्टिकची बाटली सर्वत्र झाली आणि दुकानाची पायरी सुटली.

इथे एक कबुली द्यायला हवी. आपण साखरेच्या प्रदेशात राहतो. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून इथल्या राजकारणाला आणि शेतीला साखरेनेच आकार दिला. शिवाय रसवंतीतला उसाचा रस, साखर घातलेले पन्हे किंवा कोकम सरबत स्वदेशी आहे म्हणून यकृत त्याला वेगळी वागणूक देत नाही. फरक आहे तो प्रमाणाचा आणि ऋतूचा. पन्हे चैत्रात होई. फ्रिजमधल्या बाटलीला चैत्र नसतो.

आता शास्त्राकडे. साखर घन रूपात खाल्ली तर पोट तिची नोंद ठेवते, पातळ रूपात घेतली तर फारशी ठेवत नाही, असे दाखवणारा एक छोटा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या गोळ्या-जेली दिल्या आणि वेगळ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचे सोडा पेय. गोळ्या खाताना माणसांनी नकळत बाकीचे खाणे कमी केले. सोडा पिताना केले नाही. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डेव्हिड लुडविग आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ५४८ शाळकरी मुलांचा एकोणीस महिन्यांचा मागोवा मांडला : रोजच्या प्रत्येक वाढीव सर्व्हिंगमागे लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे दीडपटीहून थोडी अधिक. पण हा मागोवा होता, प्रयोग नव्हे. जास्त सोडा पिणारी मुले टीव्हीसमोरही जास्त बसत असतील, असे म्हणायला जागा होती, आणि उद्योगाने ती पुरेपूर वापरली.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’च्या एकाच अंकात दोन प्रयोग आले. पहिला नेदरलँड्समधला : ६४१ मुले, पाच ते अकरा वयाची, दीड वर्ष रोज २५० मिलिलिटरचा एक डबा. निम्म्यांच्या डब्यात साखर, निम्म्यांच्या डब्यात कृत्रिम गोडी, चव आणि रूप सारखे, आणि कोणाला काय मिळते ते मुलांना ठाऊक नाही. साखरवाल्यांचे वजन सरासरी ७.३७ किलोने वाढले, बिनसाखरवाल्यांचे ६.३५ किलोने. एक किलोचा फरक, तोही दिवसाला एका डब्याने, आणि चरबीच्या मापांतही तीच दिशा. दुसरा प्रयोग बॉस्टनचा, मुद्दाम किशोरवयीनांवरचा : आधीच वजन जास्त असलेली २२४ मुले-मुली. वर्षभर त्यांच्या घरी बिनसाखरेची पेये पोहोचवली. वर्षअखेर फरक दिसला. पोहोचवणे थांबल्यावर आणखी एका वर्षाने, एकूण गटात, तो फरक पुसट झाला. या दुसऱ्या निकालाचा उल्लेख गोड पेयांचे विरोधक सहसा पटकन उरकतात. मला तो जास्त बोलका वाटतो. घरात जे आहे ते मुले पितात, आणि ते बदलले की शरीरही बदलते, दोन्ही दिशांना.

इथवर सगळे वजनाच्या भाषेत चालले आहे. खरी अडचण पुढे आहे.

१९७२ साली दोन गोष्टी छापल्या गेल्या. लंडनचे आहारशास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचे साखरेविरुद्धचे पुस्तक ‘प्युअर, व्हाइट अँड डेडली’, आणि मिनेसोटाचे अँसेल कीज यांचा एक निबंध. हृदयरोगाचा दोष स्निग्ध पदार्थांवर ठेवणारे ते हेच कीज, आणि आदल्याच वर्षी त्यांनी युडकिनच्या साखरेच्या सिद्धांताची कठोर चिरफाड केली होती. युडकिन पुढे जवळजवळ विस्मरणात गेले. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने १९६० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन साखरेवरचा संशय हलका करणारा आढावा लिहून घेतला होता, ही गोष्ट कागदपत्रांतून २०१६ मध्ये बाहेर आली. पण मला इथे कीज यांचा तो दुसरा निबंध महत्त्वाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकातल्या क्वेतले या बेल्जियन गणितज्ञाचे वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्र त्यांनी उचलले आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. पाच देशांतल्या सुमारे साडेसात हजार पुरुषांवर ते पडताळले. बायका नाहीत, मुले नाहीत, भारतातला गट नाही. हेच माप पुढे जगभरच्या दवाखान्यांत आणि शाळांच्या तपासणीत गेले.

त्या मापाला सर्वांत नेमका धक्का पुण्यातून बसला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापले : ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. (हे साखरवाले युडकिन नव्हेत, ते १९९५ मध्येच वारले होते.) दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर जुळे, आतून निराळे. त्याआधी २००३ मध्ये याच चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या ६३१ नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली होती. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, सगळेच कमी. फक्त पाठीवरच्या कातडीखालची चरबी तेवढी कमी झाली नव्हती. बारीक आणि तरीही मेदयुक्त.

आपल्या घरांत एक वाक्य असते : ‘कितीही खाल्लं तरी याच्या अंगी लागत नाही.’ काडीसारख्या मुलाच्या हाती बाटली देताना हेच वाक्य परवान्यासारखे वापरले जाते. अंगी लागतेच. कुठे लागते ते दिसत नाही. डेन्मार्कमध्ये ४७ जाडसर प्रौढांना सहा महिने रोज एक लिटर पेय देऊन पाहिले : कोणाला कोला, कोणाला दूध, कोणाला साखरविरहित कोला, कोणाला पाणी. एकूण चरबीत गटागटांत लक्षणीय फरक पडला नाही. पण कोला पिणाऱ्यांच्या यकृतात आणि पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती चरबी साचली. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, त्याचा निचरा मुख्यतः यकृतात होतो आणि जादा झाले की यकृत त्याची चरबी करते. त्यात किशोरवय. वयात येताना शरीर इन्सुलिनला स्वभावतःच कमी दाद देते, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. निरोगी मूल जास्त इन्सुलिन पाझरवून ही अडचण निभावते. ज्याचे स्वादुपिंड मुळातच तोकडे, त्याचे काय?

याचे उत्तर त्याच सहा खेड्यांतून आले. तिथल्या स्त्रियांची नोंद १९९३ मध्ये सुरू झाली होती. त्यांची मुले अठरा वर्षांची झाल्यावर ६१९ जणांची तपासणी झाली : ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांचे रक्तशर्करेचे प्रमाण बिघडलेले. आणि याच मुलामुलींपैकी ४८ टक्के कमी वजनाचे. शाळेच्या तपासणीत यांच्या नावापुढे ‘लठ्ठ’ असे कोणीही लिहिले नसते, उलट ‘वजन वाढवा’ असा शेरा मिळाला असता. संशोधकांनी याचा दोष कोल्याला दिलेला नाही, मीही देत नाही. त्यांचा माग जातो तो आईच्या पोटातल्या वाढीकडे आणि लहानपणापासूनच्या साखरेच्या पातळीकडे. पण अशा मुलाला ‘बारीक आहे, पिऊ दे’ म्हणणे म्हणजे कच्च्या पुलावरून ट्रक नेणे.

आपली धोरणे अजून बाटलीकडेही नीट पाहत नाहीत आणि काट्यापलीकडेही. ब्रिटनने २०१८ मध्ये कर बसवला तो साखरेच्या प्रमाणावर : १०० मिलिलिटरला पाच ग्रॅमपर्यंत माफी, आठच्या वर जास्त. कंपन्यांनी निमूट साखर कमी केली. आपला जीएसटी बुडबुड्यांवर आहे. साखर असो वा नसो, फसफसणाऱ्या पेयाला ४० टक्के. फळांच्या गराची, न फसफसणारी पेये सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांत आली, त्यांतल्या अनेकांत साखर कोल्याहून कमी असते असे मुळीच नाही. शाळेत आणि शाळेपासून पन्नास मीटरांत असले पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा नियम २०२० पासून आहे. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, ते मला आवडले, कारण त्यात निदान ग्रॅम लिहिलेले असतात.

त्या सहा खेड्यांतली पहिली नोंद झाली १९९३ मध्ये, कोका-कोला परतली त्याच वर्षी. बाळांवरचा निबंध छापून आला २००३ मध्ये, पाच रुपयांची बाटली जोरात होती तेव्हा. हे निव्वळ योगायोग आहेत. ती मुले त्या वेळी दहा वर्षांच्या आतली होती. आज ती तिशीच्या आसपास आहेत, काहींना स्वतःची मुले झाली आहेत, आणि त्या मुलांचीही मापे घेतली जात आहेत : वजनकाट्याबरोबर, कातडीची घडी चिमटीत धरून.