नहर कुणाची?

आमच्या शहराचं नाव काय असावं, यावर गेली तीस-पस्तीस वर्षं वाद झाला. 2023 मध्ये औरंगाबादचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं. त्या सगळ्या काळात कुणी आनंद साजरा केला, कुणी दुःख केलं, कुणी कोर्टाची पायरी चढली. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नावावर जितकं बोललो, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकंही आपण या शहराच्या पाण्यावर, दरवाजांवर, हौदांवर आणि मैदानांवर बोललो नाही. यात हिंदू-मुसलमान दोघेही आले.

हे शहर मुळात पाण्यामुळे उभं राहिलं. 1610 मध्ये मलिक अंबरने निजामशाहीची राजधानी म्हणून खडकी निवडली, तेव्हा इथे राजधानीला पुरेल एवढं पाणी नव्हतं. खाम नदी होती. पण तिच्या भरवशावर लष्कर, बाजार आणि वस्ती पोसणं शक्य नव्हतं. अंबर जन्माने हबशी. इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार पार करत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा झाला. ज्याने स्वतः वाळवंटी मुलुख पाहिले होते, त्याला पाण्याची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याने काढलेला मार्ग आजही थक्क करणारा आहे. शहराच्या उत्तरेला डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी मार्गात गोळा करायचं आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचं. पंप नाही, इंधन नाही. वाटेत ठरावीक अंतरावर उतरून सफाई करण्यासाठी झरोके ठेवले. हवा निघून जावी आणि दाब आटोक्यात राहावा म्हणून उभे मनोरे बांधले. पुढे मातीच्या पक्क्या नळांतून ते पाणी हौदांपर्यंत पोचलं. हीच नहर-ए-अंबरी. नंतर मोगल आणि आसफजाही काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांपैकीच. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ते पाणी उंचावरून पडून चाक फिरवायचं, चाकावर जातं फिरायचं आणि फकीर, मुसाफिर, विद्यार्थी यांच्यासाठी पीठ दळलं जायचं. तिथला मोठा हौद म्हणजे खालच्या दालनाचं छतच आहे. वर पाणी आणि खाली गारवा, अशी ती रचना.

यातली एक बाब मला इमारतींपेक्षाही महत्त्वाची वाटते. नहरीचं पाणी घरोघर पोचण्याआधी चौकात यायचं. मशिदीच्या हौदावर, सरायच्या आवारात, मोहल्ल्याच्या टाकीवर. म्हणजे पाणी आणि सार्वजनिक जागा या वेगळ्या गोष्टी नव्हत्या. लोक पाण्यासाठी जमायचे, आणि जिथे लोक जमतात तिथेच शहर तयार होतं. हौदावर नमाजीने वुजू केली, वाटसरूने तोंड धुतलं, भिश्त्याने मशक भरली. कुणाची जात कोणती, हे पाणी विचारत नव्हतं. माणसं विचारत असतील, तो हिशोब वेगळा.

खडकीच्या जुन्या पुऱ्यांची नावंही बोलकी आहेत. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा, परसपुरा. ही नावं मालोजी, खेळोजी, विठोजी, परसोजी या मराठा सरदारांवरून पडल्याचं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदवलं आहे. मराठा सरदार निजामशाहीच्या चाकरीत होते, शहाजीराजे भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. ज्याला आज 'त्यांचं' किंवा 'आपलं' म्हणून वाटून टाकतो, ते शहर वसवताना हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे एकाच नहरीचं पाणी पीत होते.

भडकल दरवाजाचं उदाहरण घ्या. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो 1612 मध्ये उभारला. आज त्याच दरवाजापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि 14 एप्रिलला तिथे गर्दीचा महापूर लोटतो. गुलामीतून वर आलेल्या माणसाने बांधलेल्या दरवाजासमोर, गुलामी नाकारायला शिकवणाऱ्या माणसाला अभिवादन होतं. असं योगायोगाने जुळून आलेलं ठिकाण महाराष्ट्रात दुसरं असेल का, मला शंका आहे. पण दरवाजाखालून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

आता आजची स्थिती. 'बावन्न दरवाजांचं शहर' असं आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. मोजायला गेलं तर उभे असलेले दरवाजे त्यापेक्षा फार कमी आहेत. तट तर तुकड्या-तुकड्यांत उरला आहे. 2012 मध्ये रस्ता रुंदीकरणात दमडी महल गेला. तिथून रोज जाणाऱ्या तरुणांना ते नावही माहीत नाही. दरवाजांच्या कमानींवर वाढदिवसाचे फलक, आतल्या खोल्यांत कचरा, रस्त्यावर थरावर थर चढल्यामुळे जमिनीत रुतलेले पाये. महमूद दरवाजासारख्या अरुंद कमानीतून दिवसभर रिक्षा आणि गाड्या जातात. नहरीचं तर विचारूच नका. कुठे घराचा पाया खोदताना, कुठे रस्ता करताना भुयार फुटतं. दोन दिवस बघ्यांची गर्दी होते, फोटो फिरतात, तिसऱ्या दिवशी माती पडते.

आणि दुसरीकडे शहर तहानलेलं. आज आपल्याला पाणी पैठणच्या नाथसागरातून, जायकवाडी धरणातून येतं. तिथून वर शहरापर्यंत ते पंपाने चढवावं लागतं. मोहल्ल्यामोहल्ल्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि त्या दिवशी घरातल्या बायका कामधंदा सोडून बादल्या, ड्रम, टाक्या भरत बसतात. माझ्या वर्गातल्या मुलींची गैरहजेरी कधी वाढते, हे मी कॅलेंडर न पाहता सांगू शकतो. नळाचा दिवस म्हणजे वर्गातले चार-पाच बाक रिकामे. नहरी सुरू झाल्या तर आजच्या लोकसंख्येची तहान भागेल, असा भाबडा दावा मी करणार नाही. ते शक्य नाही. पण बागा, मैदानं, सार्वजनिक आवारं आणि वापरायच्या पाण्यासाठी जे काही उरलं आहे ते जपणं, नकाशावर आणणं, त्यावर बांधकाम होऊ न देणं, एवढं तरी शक्य आहे.

जबाबदारी सरकारची आहे, यात वाद नाही. अलीकडच्या वर्षांत काही दरवाजांची डागडुजी झाली, खाम नदीच्या काठावर सफाईचं कामही झालं. चांगल्याला चांगलं म्हणायला हवं. पण आपल्या समाजालाही आरसा दाखवायला हवा. पाणचक्की वक्फची मालमत्ता आहे. राज्य वक्फ मंडळाचं कार्यालयही त्याच आवारात आहे. वक्फ म्हणजे कायमची सार्वजनिक भलाई. मग वक्फच्या जागांवर झोपडीपासून शोरूमपर्यंत जी अतिक्रमणं झाली, त्यात आपली माणसं नाहीत काय? माझ्या पाहण्यातल्या काही मशिदींचे जुने हौद बुजवले गेले. जागा हवी होती, नळ आले, हौद नकोसा झाला. ज्या दीनने वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नका असं शिकवलं, त्याच्याच मानणाऱ्यांच्या वुजूखान्यात नळ वाहत राहतात. वारशावर हक्क सांगायचा आणि देखभाल दुसऱ्यावर टाकायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. दरवर्षी निबंधाला 'माझे शहर' हा विषय देतो. पूर्वी मुलं बीबी का मकबरा आणि अजिंठा-वेरूळवर चार ओळी लिहून मोकळी व्हायची. आता मी अट घातली आहे. आपल्या घरापासून चालत जाता येईल अशी एक जुनी सार्वजनिक जागा निवडायची. दरवाजा, हौद, बारव, मैदान, काहीही. ती कुणी बांधली, आज कोण वापरतं आणि तिची झाडलोट कोण करतं, ही तीन उत्तरं आजूबाजूच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहायची. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वह्यांमध्ये एकच असतं: 'कोणीच नाही.'

आपल्या शहराचा खरा वाद या दोन शब्दांत आहे. नाव कोणतंही असो, पाटी लावणारे बदलत राहतील. मलिक अंबर 1626 मध्ये गेला. त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, खडकीचं फतेहनगर केलं, पुढे औरंगजेबाने औरंगाबाद केलं, आता संभाजीनगर झालं. इतक्या नावांच्या खाली नहर मात्र एकच राहिली, आणि तिने प्रत्येक नावाच्या शहराला पाणी पाजलं. म्हणून प्रत्येक मोहल्ल्याने, प्रत्येक मशिदीच्या कमिटीने, प्रत्येक गणेश मंडळाने एकेक दरवाजा, एकेक हौद, नहरीचा एकेक झरोका आपल्या देखरेखीखाली घ्यावा. महिन्यातून एक रविवार पुरे आहे. झाडू हातात असलेल्या माणसाला हे शहर कुणाचं, असं सहसा कुणी विचारत नाही.