स्टीअरिंगखालचा दांडा

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या चढाला आमच्या जुन्या छोट्या ट्रकचा गियरचा दांडा हातातच लोंबला. स्टीअरिंगच्या नळीला डाव्या अंगाने बसवलेला हा दांडा, म्हणजे आपल्याकडचा हँडगियर. वर नेला तर वर जायचा, खाली ओढला तर खाली यायचा, आत मात्र काहीच पडत नव्हतं. गडावरच्या नगद नारायणाच्या दर्शनाला निघालेली मंडळी खाली उतरली, चाकांना दगड लावले. मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, नळीच्या बुडाशी हात घातला, वाकडे झालेले दोन लोखंडी कान एका रेषेत आणले आणि गाडी न्यूट्रलला आली. "गियरबॉक्स चांगलाय भाऊ," तो म्हणाला, "मधली वाट ढिली झालीय."

मुठीपासून गियरबॉक्सपर्यंतची ही मधली वाट आली कुठून, हे मला त्या दिवसापासून शोधावंसं वाटलं.

अगदी सुरुवातीच्या काही मोटारींत, उदाहरणार्थ फ्रान्सच्या द दिओं-बूतोंच्या छोट्या गाड्यांत, गियरची मूठ स्टीअरिंगच्या नळीवरच होती. पण तिथे गियर दोनच. गियर वाढले, गाड्या जड झाल्या, तसा दांडा आधी चालकाच्या कडेला आणि मग गाडीच्या मधोमध, जमिनीतून वर आला. गियरबॉक्सच्या झाकणातूनच दांडा उगवलेला असेल तर मधली वाट उरतच नाही. हाताने ढकललं की खाली लोखंड हललं. त्यात झिजायला फार काही नसतं.

मग त्याला पुन्हा वर का नेलं? माणूस बसवायला. अमेरिकन गाड्यांना पुढे सलग बाक असे आणि मधल्या माणसाच्या गुडघ्यांत दांडा येई. 1938 मध्ये कॅडिलॅकने दांडा उचलून स्टीअरिंगखाली नेला आणि दोनेक वर्षांत बहुतेक अमेरिकन गाड्यांनी तेच केलं. युद्धानंतर युरोपही त्या वाटेने गेला. 1948 ची मॉरिस ऑक्सफर्ड आणि 1953 ची फियाट 1100, दोघींचा दांडा नळीवर.

आपल्याकडच्या हँडगियरची दोन घराणी याच दोघींची. मॉरिसकडून उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर आली आणि फियाटकडून कुर्ल्याची प्रीमियर. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट 1100 पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून घराघरात ओळखीची झाली. इटलीत चालक डावीकडे बसतो, म्हणून तिथे दांडा उजव्या हाताला. इथे चालक उजवीकडे गेला आणि सगळं काम डाव्या हातावर आलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरल्यावर, 30 ऑक्टोबर 2023 पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर उरली नाही.

बीडच्या खेड्यापाड्यांत मात्र राज्य जीपचं होतं आणि जीपचा दांडा जमिनीतला. गंमत अशी की विलिसने 1945 मध्ये नागरी वापरासाठी जी पहिली जीप काढली, तिच्या सुरुवातीच्या गाड्यांना दांडा नळीवर होता. थोड्याच काळात तो परत खाली गेला. शेतात, चिखलात, दणक्यात लांबची वाट टिकत नाही, असं मला त्यातून दिसतं. आणि तिसऱ्या माणसासाठी जी जागा अमेरिकेने दांडा हलवून केली, ती जीपमध्ये प्रवासी भरून नेणाऱ्या आपल्या वडापवाल्यांनी दांडा न हलवताच केली. पुढे बसणारा दोन्ही पाय फाकवून दांडा मध्ये घ्यायचा आणि चालक "जरा सरका" म्हणत दुसरा गियर टाकायचा. लहानपणी मी असा कितीतरी प्रवास केला आहे. गुडघ्याला लागलेली ती गरम, थरथरती मूठ अजून आठवते.

हँडगियरमध्ये हाताची हालचाल अख्खा प्रवास करून जाते. दांडा वर-खाली फिरवला की नळीलगतची सळई फिरते. दांडा चालकाकडे ओढला किंवा पलीकडे ढकलला की बुडाशी असलेल्या कानांपैकी एक निवडला जातो. त्या कानाला जोडलेला रॉड मग गियरबॉक्सचा फाटा ओढतो. प्रत्येक सांध्यावर एक पिन, एक बुश, एखादा वायसर. बुश झिजतो, पिनचं गोल भोक लांबट होतं. खालचा कान पाच सेंटिमीटरचा आणि वरचा दांडा वीसचा धरला, तर खालचा एक मिलिमीटर खेळ मुठीशी चार मिलिमीटर होतो. असे चार-पाच सांधे झिजले की दांडा लोंबणारच.

याहून वाईट म्हणजे अडकणं. दोन गियर एकदम लागू नयेत म्हणून गियरबॉक्समध्ये अडसर असतो. खेळामुळे एक फाटा न्यूट्रलला पुरता परतला नाही की तो अडसर दुसऱ्याला हलूच देत नाही. त्या दिवशी चढावर आमचं हेच झालं होतं.

पुष्कळ जण इथे रॉडचे नट आवळत बसतात. झिजलेल्या भोकावर नट आवळून काही होत नाही, दोन दिवसांत दांडा पुन्हा लोंबतो. आमच्या मिस्त्रीने सगळे रॉड काढले. लांबट भोकं वेल्डिंगने भरून नव्याने पाडली. तयार बुश मिळेना, म्हणून लेथवर गनमेटलचे करून घेतले. वरच्या पिनला वायसर घालून खेळ काढला, स्प्लिट पिना नव्या टाकल्या. मग गियरबॉक्स न्यूट्रलला ठेवून दोन्ही कान समोरासमोर आणले, त्यांच्या भोकांतून एक सरळ सळई आरपार घातली आणि तेव्हा कुठे रॉडची लांबी ठरवून नट आवळले. सळई काढली, ग्रीस भरलं. कानांची रेघ जुळल्याशिवाय आवळायचं नाही, या क्रमावर तो ठाम होता आणि मला तो शंभर टक्के पटला.

आता दांडा पुन्हा नळीवर येतोय. 2023 मध्ये भारतात आलेल्या ह्युंदाईच्या आयोनिक 5 या विजेच्या गाडीत गियरची मूठ स्टीअरिंगमागे आहे. हेतू जुनाच, पुढच्या दोघांच्या मधली जागा मोकळी करायची. फक्त मधल्या वाटेवर आता रॉड नाही, वायर आहे. तिथे लेथवाल्याला काम नाही.

आमचा ट्रक तिसऱ्या दिवशी गडावर चढला. पहिल्यातून दुसरा टाकताना खालून, बऱ्याच वर्षांनी, एकच स्वच्छ 'खट्' ऐकू आलं.