स्वयंपाकघराच्या दाराची रुंदी किती ठेवावी?

चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावात स्वयंपाकघर नव्यानं करताना ओटा न् टाइल्सवर घरभर चर्चा होते. दाराचं माप मात्र गवंड्यावर सोडलं जातं. गवंडी ‘अडीच फूट’ म्हणतो ते भिंतीतल्या मोकळ्या जागेचं माप. त्यात दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंची चौकट बसली की उरतात 25 इंच. दार काटकोनात उघडलं की पल्ल्याची जाडी आणखी इंचभर खाते. हाती राहतात 24 इंच, म्हणजे जेमतेम 61 सेंटिमीटर. सिलिंडर आरामात जाईल, पण डबल डोअर फ्रिज कित्येकदा 60 सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असतो. मग पल्ला उतरवा, नाहीतर फ्रिज हॉलमध्ये ठेवा!

भिंतीत 3 फूट सोडले तर 30 इंच मिळतात, आणि बहुतेक घरांना ते पुरतात. घरात कुणी व्हीलचेअर वापरत असेल तर मोकळी रुंदीच 90 सेंटिमीटर हवी. त्यासाठी भिंतीत साडेतीन फूट धरा.

जुनं दार रुंद करताना वरचा लिंटेलही नवा, लांब लागतो. तो दोन्हीकडे भिंतीवर किमान 6 इंच टेकलेला हवा. नुसत्या विटा काढून मोठी चौकट ठोकणं धोक्याचं आहे. सुताराला माप देतानाही ‘दार उघडल्यावर मोकळी जागा इतकी’ असंच सांगा.